फुकट इंटरनेट आणि ट्रायचे चार प्रश्न : एका तालुका ग्राहक मंडळाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

डिसेंबर २०१५ मध्ये पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या ग्राहक मंडळापुढे जो पेच उभा राहिला, त्याची ही नोंद आहे. गावाचे, मंडळाचे आणि माणसांची नावे जाणूनबुजून दिलेली नाहीत. मी त्या वेळी मंडळाचा चिटणीस होतो, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते ऐकीव नाही. त्यातील काही चुका माझ्याच हातून झालेल्या आहेत.

मंडळाचे नेहमीचे काम साधे होते. वाढीव वीजबिलांच्या तक्रारी, वजनमापातील फसवणूक, न उगवलेले बियाणे आणि जिल्हा ग्राहक मंचापुढे द्यायचे अर्ज यांतच आमचे दिवस जात. दूरसंचाराचा संबंध यायचा तो न मागितलेल्या कॉलरट्यूनचे पैसे कापले गेल्यावर. इंटरनेटच्या धोरणावर मंडळाने मत द्यावे, असा विचार त्याआधी कोणाच्या मनात आला नव्हता.

तो विचार यायला वर्षभरातील घडामोडी कारणीभूत झाल्या. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी वेगळे पैसे घेण्याचे जाहीर केले आणि ओरड झाल्यावर तो बेत मागे घेतला. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीने ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ ही सेवा महाराष्ट्रासह काही राज्यांत सुरू केली. तिचेच नाव पुढे ‘फ्री बेसिक्स’ झाले. निवडक संकेतस्थळे डेटाचे पैसे न मोजता पाहता येतील, असे तिचे स्वरूप होते. २७ मार्चला दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, इंटरनेटवरील सेवांच्या नियमनाविषयी शंभराहून अधिक पानांचे आणि वीस प्रश्नांचे सल्लामसलत पत्र काढले. एरवी अशा पत्राला कंपन्या, वकील आणि मोजक्या संस्था उत्तर देतात. या वेळी दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. त्याच एप्रिलमध्ये ‘एअरटेल झिरो’ योजना, म्हणजे अ‍ॅपच्या कंपनीने डेटाचे पैसे भरायचे आणि ग्राहकाला ते अ‍ॅप फुकट, जाहीर झाली आणि लोकांचा रोष पाहून फ्लिपकार्टने आठवड्याभरात तिच्यातून अंग काढून घेतले.

यानंतर ९ डिसेंबर २०१५ रोजी ट्रायने फक्त चार प्रश्नांचे नवे पत्र काढले. वेगवेगळी संकेतस्थळे आणि अ‍ॅप वापरण्यासाठी डेटाचे वेगवेगळे दर लावू द्यावेत का, हा पहिला प्रश्न. लावू दिले तर भेदभाव होऊ नये, नव्या उद्योगाची वाट अडू नये आणि दर परवडावेत यासाठी काय उपाय करावेत, हा दुसरा. ग्राहकाला फुकट इंटरनेट देण्याचा, वेगळे दर न लावता साधेल असा दुसरा काही मार्ग आहे का, हा तिसरा. आणखी काही विचारात घ्यावे असे आहे का, हा चौथा. उत्तरासाठी ३० डिसेंबरपर्यंत मुदत होती. ती पुढे ७ जानेवारीपर्यंत वाढली.

पेच

पेच असा होता की मंडळाच्या सभासदांनी मत आधीच देऊन टाकले होते, आणि ते दोन्ही बाजूंनी दिले होते. एप्रिलमध्ये तरुण सभासदांनी इंटरनेटच्या तटस्थतेच्या, म्हणजे कंपनीने सगळ्या संकेतस्थळांना सारखेच वागवावे या तत्त्वाच्या, बाजूचा तयार ईमेल पाठवला होता. डिसेंबरमध्ये फ्री बेसिक्सच्या बाजूची मोहीम सुरू झाली. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती आल्या, आणि फेसबुक वापरणाऱ्यांना ट्रायकडे तयार मजकूर पाठवण्याची सोय समोर दिसू लागली. ज्यांनी एप्रिलमध्ये एक मजकूर पाठवला होता त्यांच्यापैकी काहींनी डिसेंबरमध्ये नेमका त्याच्या उलट मजकूर पाठवला, आणि यात काही विसंगती आहे असे त्यांना वाटले नाही.

मला हे सुरुवातीला अडाणीपणाचे वाटले, हे कबूल केले पाहिजे. नंतर एकेकाशी बोललो तेव्हा ध्यानात आले की त्यांची दोन्ही मते खरी होती. कंपनीने आपल्या वतीने संकेतस्थळे निवडू नयेत, असे त्यांना मनापासून वाटत होते. त्या काळी एक जीबीच्या थ्रीजी पॅकला दोन-अडीचशे रुपये पडत, तेव्हा काहीतरी फुकट मिळावे हेही त्यांना तितक्याच मनापासून वाटत होते. दोन्ही मोहिमांनी त्यांना एकेकच अर्धा प्रश्न विचारला होता. या दोन इच्छा जिथे एकमेकींना अडतात, तिथे ते कोणती सोडतील, हे कोणी विचारलेच नव्हते. मंडळाने ट्रायला उत्तर द्यायचे तर नेमके हेच विचारणे भाग होते.

समोरचे पर्याय

१३ डिसेंबरच्या रविवारी कार्यकारिणीची बैठक झाली. पहिला पर्याय गप्प राहण्याचा होता. हा विषय आपल्या आवाक्याबाहेरचा आहे आणि वीजबिलांचेच अर्ज पडून आहेत, असे म्हणणारे दोघे होते आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. दुसरा पर्याय आमच्या गुरुजींनी मांडला. निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या गुरुजींना इंटरनेटची तटस्थता पूर्ण पटलेली होती. पुण्यातील एका मित्राकडून त्यांनी मजबूत मसुदा आणला होता आणि त्यावर मंडळाचा शिक्का उमटवून तो पाठवावा, असे त्यांचे मत होते. तिसरा पर्याय बाजारपेठेतील रिचार्जच्या दुकानदाराने सुचवला. तो म्हणाला, ‘‘२४ तारखेला ग्राहक दिनाला तहसील कचेरीत माणसे जमणारच आहेत. हात वर करायला सांगा आणि जो आकडा येईल तो कळवा. आपल्याला काय वाटते याला कोण विचारतो?’’

चौथा पर्याय वेळखाऊ होता. चारही प्रश्न मराठीत आणायचे, लोकांपुढे ठेवायचे, आणि मिळेल ते उत्तर मतभेदांसकट आपल्या शब्दांत लिहून पाठवायचे. सतरा दिवस हातात होते. तयार मसुद्यावर सही करणे सोपे होते. पण ट्रायपुढे लाखो सारखे मजकूर आधीच जाणार होते आणि त्यांत आणखी एकाची भर घालून तालुक्यातील ग्राहकाचे काहीच पोचले नसते. हात मोजण्याच्या कल्पनेला माझा विरोध होता, कारण ट्रायने संख्या मागितलीच नव्हती, कारणे मागितली होती. शेवटी चौथा पर्याय ठरला. गुरुजी नाराज झाले, पण प्रश्नांचे मराठीकरण त्यांनीच अंगावर घेतले.

पहिला निर्णय : शब्द कोणता वापरायचा

दोन दिवसांनी गुरुजींनी एक पान आणून दिले. पहिल्या प्रश्नात त्यांनी ‘भेदभावपूर्ण दर’ असा शब्द घातला होता. दुकानदाराने तो वाचून पान तसेच परत केले. ‘‘गुरुजी, भेदभाव म्हटल्यावर हो कोण म्हणेल? उत्तर तुम्ही प्रश्नातच घातले आहे.’’

त्यावर तासभर वाद झाला आणि तो व्यर्थ गेला नाही. मूळ प्रश्नात दर ‘वेगळे’ असण्याविषयी विचारले होते. तो वेगळेपणा भेदभाव ठरतो की नाही, हाच तर निर्णय करायचा होता. दुसऱ्या बाजूला ‘सवलतीचे दर’ असा शब्द दुकानदाराने सुचवला, तोही तितकाच कलता होता. अखेर ‘वेगवेगळे दर’ हा सपक पण प्रामाणिक शब्द ठरला. मराठीत आलेल्या बहुतेक सरकारी प्रश्नावल्या इतक्या अवघड भाषेत असतात की शब्द कलता आहे की सरळ, हे तपासण्याची वेळच येत नाही. माणूस पहिल्या ओळीलाच दमतो.

दुसरा निर्णय : सेवा स्वतः पाहणे

ज्या वस्तूविषयी मत द्यायचे ती कोणी नीट पाहिलीच नव्हती. एका सभासदाच्या मुलाकडे फ्री बेसिक्सच्या योजनेत बसणारे सिम होते. २० डिसेंबरच्या रविवारी दुकानाच्या बाकावर आम्ही सहा-सात जण त्या एका फोनभोवती बसलो. हवामानाचा अंदाज उघडला, नोकरीच्या जाहिराती उघडल्या, आरोग्याची माहिती उघडली. पाने साधी होती आणि चटकन येत होती. आमच्यातील एका द्राक्ष बागायतदाराने मग तो रोज पाहत असलेले बाजारभावांचे संकेतस्थळ उघडायला सांगितले. तेव्हा पडद्यावर सूचना आली की पुढे गेल्यास डेटाचे पैसे लागतील. फोनमध्ये शिल्लक नव्हती, त्यामुळे पुढे काही उघडले नाही.

हा काही बिघाड नव्हता. योजनेची रचनाच तशी होती. यादीत असलेले फुकट, यादीबाहेरचे विकत, आणि यादीत येण्यासाठी संकेतस्थळाने फेसबुकच्या तांत्रिक अटी पाळायच्या, ज्यांत व्हिडिओ आणि जड छायाचित्रांना जागा नव्हती. बागायतदार थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘‘म्हणजे मला हवामान फुकट कळणार, पण माल कुठल्या भावाने गेला ते विकत कळणार.’’ त्या एका वाक्याने गुरुजींच्या मसुद्यातील तीन पानांचे काम केले, आणि ते आम्ही उत्तरात जसेच्या तसे घेतले.

मात्र त्याच बाकावर दुकानदाराने दुसरी बाजू दाखवली. दुपारी एक शेतमजूर दहा रुपयांचा नेटपॅक टाकायला आला. सकाळी टाकलेला संपला होता. दुकानदार म्हणाला, ‘‘याला तुमची तटस्थता सांगा. याच्याकडे आज सगळेही नाही आणि थोडेही नाही.’’ याला आमच्याकडे उत्तर नव्हते, आणि तसे प्रामाणिकपणे लिहायचे ठरले.

तिसरा निर्णय : सभेत प्रश्न कसा मांडायचा

२४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन. तहसील कचेरीच्या सभागृहात साठएक माणसे होती. पुरवठा निरीक्षकांचे भाषण झाल्यावर आम्हाला अर्धा तास मिळाला. इथे माझ्या हातून पहिली मोठी चूक झाली. वेळ थोडा म्हणून मी सरळ विचारले, ‘‘काही संकेतस्थळे फुकट मिळाली तर तुम्हाला हवी का?’’ चार-पाच जण सोडले तर सगळ्यांचे हात वर गेले. हाच तो अर्धा प्रश्न, जो विचारू नये असे आम्ही दहा दिवस घोकत होतो.

चूक सावरण्यासाठी गुरुजी उभे राहिले आणि त्यांनी पाटाच्या पाण्याचा दाखला दिला. उसाला पाणी फुकट आणि ज्वारीला विकत, असे पाटकरी ठरवू लागला तर चालेल का, असे त्यांनी विचारले. सभा डोलली. पण पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ मागच्या रांगेत बसले होते, ते उठून म्हणाले, ‘‘गुरुजी, पाणीपट्टी पिकावर वेगळी असतेच. उसाला जास्त असते. दर वेगळे असले म्हणजे अन्याय झाला, असे नसते.’’

सभागृहात क्षणभर शांतता झाली. दाखला मोडला होता. तरीही माझ्या मते त्या अर्ध्या तासातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच घडली, कारण पुढची दहा मिनिटे लोक आपापसात खरा प्रश्न बोलू लागले. पाणीपट्टीचे दर सरकार ठरवते, ते जाहीर असतात, त्यांवर हरकत घेता येते. पाटकऱ्याने साखर कारखान्याशी परस्पर ठरवून उसाचे पाणी फुकट केले तर मात्र ती गोष्ट निराळी. म्हणजे दर वेगळा आहे की नाही यापेक्षा तो कोण ठरवतो, कशावरून ठरवतो आणि ज्याची जागा गेली त्याला दाद कुठे मागता येते, हे महत्त्वाचे. हे सूत्र कोणा एकाचे नव्हते, ते त्या सभेत तयार झाले.

यानंतर मी प्रश्न बदलून विचारला : फुकट मिळणारी संकेतस्थळे फोन कंपनीने ठरवावीत, की तेवढाच थोडा डेटा फुकट मिळून तो कुठे खर्च करायचा हे तुम्ही ठरवावे? बहुतेक हात दुसऱ्या बाजूला गेले. आम्ही आनंदलो, पण आज मागे वळून पाहता या दुसऱ्या मोजणीवरही मी फार भार टाकणार नाही. वीस मिनिटे एका बाजूने बोलून घेतल्यावर वर गेलेले हात होते ते. शिवाय दुसरा पर्याय देणारी कोणतीही कंपनी तेव्हा गावात नव्हती. लोक समोर असलेल्या वस्तूची तुलना समोर नसलेल्या वस्तूशी करत होते.

चौथा निर्णय : जे सभेत नव्हते त्यांना विचारणे

साठ माणसांत स्त्रिया पाच-सहाच होत्या. म्हणून २६ तारखेला आम्ही एका बचत गटाच्या बैठकीत गेलो. तिथे चार प्रश्नांपैकी पहिलाच प्रश्न गळून पडला. गटाच्या अध्यक्ष ताई म्हणाल्या, ‘‘नेट फुकट करा नाहीतर विकत ठेवा. घरात फोन एक आहे आणि तो सकाळी यांच्या खिशात जातो.’’ दुसऱ्या एकीला मुलाचा निकाल पाहण्यासाठी आणि गॅसचा नंबर लावण्यासाठी दुकानात जावे लागे, आणि दर खेपेला वीस रुपये मोजावे लागत. इंटरनेटच्या दरावरील सगळी चर्चा ज्याच्या हाती फोन आहे त्याची होती, हे त्या दुपारी कळले. ट्रायच्या चौथ्या प्रश्नाखाली आम्ही जे लिहिले ते पूर्णपणे या बैठकीतून आलेले आहे.

उत्तर लिहिताना

मसुद्याच्या वेळी शेवटचा वाद झाला तो मतभेद नोंदवायचे की नाहीत यावर. गुरुजींचे म्हणणे होते की दुबळे उत्तर जाण्यापेक्षा एकमुखी उत्तर जावे. कंपन्या आपले म्हणणे काही मतभेदांसकट मांडत नाहीत. माझे म्हणणे होते की मंडळाची पत एवढीच आहे की आम्ही पाहिले तेच लिहितो. शेवटी उत्तर दोन पानांचे झाले. पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आणि बाजारभावांचे उदाहरण; दुसऱ्याखाली दर ठरवण्याचा अधिकार, पारदर्शकता आणि दाद मागण्याची सोय; तिसऱ्याखाली प्रत्येक ग्राहकाला दरमहा थोडा डेटा कोणत्याही संकेतस्थळासाठी फुकट द्यावा ही सूचना; चौथ्याखाली घरातील एकाच फोनची आणि दुकानातील वीस रुपयांची गोष्ट. दुकानदाराचे वेगळे मत स्वतंत्र परिच्छेदात, त्याच्या शब्दांत, जोडले. २९ डिसेंबरला मराठी मूळ आणि इंग्रजी भाषांतर ईमेलने आणि स्पीड पोस्टनेही पाठवले.

काय झाले

ट्रायकडे या पत्रावर सुमारे २४ लाख प्रतिसाद आले. त्यांतील बहुतेक फ्री बेसिक्सच्या बाजूचे तयार मजकूर होते, आणि त्यांत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे नव्हती, असे ट्रायनेच नमूद केले. त्यावरून फेसबुकशी त्यांचा पत्रव्यवहारही झाला. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने डेटा सेवांच्या भेदभावपूर्ण दरांना मनाई करणारे विनियम जारी केले. मजकुरावरून वेगळा दर लावण्यास बंदी आली, उल्लंघनाला दिवसाला ५० हजार आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये असा आर्थिक दंड ठरला, आणीबाणीच्या काळातील सेवांपुरता अपवाद ठेवला गेला. तीन दिवसांनी फेसबुकने फ्री बेसिक्स भारतातून काढून घेतले. गुरुजींचा नाकारलेला ‘भेदभाव’ हा शब्द विनियमाच्या नावातच आला, आणि तो त्यांनी आम्हा सर्वांना फोन करून वाचून दाखवला.

आमच्या दोन पानांमुळे यातले काही घडले, असा दावा मी करणार नाही. पण विनियमासोबतच्या स्पष्टीकरणात एक गोष्ट होती, जिने मंडळाला समाधान दिले : संपूर्ण इंटरनेट वापरता येईल असा मर्यादित फुकट डेटा देण्यास मनाई नाही, असे तिथे स्पष्ट केले होते. डिसेंबर २०१६ मध्ये ट्रायने ग्रामीण ग्राहकांना दरमहा सुमारे १०० एमबी डेटा फुकट देण्याची शिफारसही केली. तो डेटा आमच्या गावात मात्र कोणाच्या फोनवर आला नाही. त्याआधीच, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ आले आणि दर असे कोसळले की दुकानदाराचे दहा रुपयांचे पॅक पाहता पाहता इतिहासजमा झाले. तटस्थतेचे व्यापक तत्त्व, म्हणजे वाहतूक अडवू नये, मंद करू नये, कोणाला झुकते माप देऊ नये, हे जुलै २०१८ मध्ये सरकारने मान्य केले आणि पुढे परवान्यांच्या अटींत घातले.

काय वेगळे करता आले असते

बचत गटाची बैठक सगळ्यांत आधी व्हायला हवी होती. आम्ही ज्यांच्याकडे शेवटी गेलो त्यांनी प्रश्नाची चौकटच बदलली, आणि तोवर बहुतेक वेळ खर्च झाला होता. त्यांच्याकडे पहिल्या आठवड्यात गेलो असतो तर ग्राहक दिनाच्या सभेत मी तो अर्धा प्रश्न विचारला नसता.

सभेतील दोन मोजण्यांच्या मध्ये दुकानदाराला दहा मिनिटे द्यायला हवी होती. त्याचे मत कागदावर गेले, पण लोकांच्या कानावर गेले नाही. आणि ज्या मताला विरोधी मत ऐकू आलेले नाही, ते आम्ही ‘सभेचे मत’ म्हणून नोंदवले, याची मला अजून टोचणी आहे. तसेच बंदीमुळे दर स्वस्त झाले, असे आमच्यातले काही जण पुढे सांगत राहिले आणि आम्ही त्यांना थांबवले नाही. बंदी आणि स्वस्ताई यांची कारणे वेगळी होती. स्वस्ताई स्पर्धेतून आली, आणि त्या स्पर्धेत पुढे कंपन्या मोजक्याच उरल्या.

तिसरी गोष्ट पाठपुराव्याची. विनियमात दोन वर्षांनी फेरविचाराची तरतूद होती. वास्तविक त्या वेळी आमच्याकडे पुन्हा फोनभोवती बसून पाहण्यासारखे पुष्कळ होते : कोणती अ‍ॅप रिचार्जबरोबर गळ्यात पडतात, कोणते पॅक दुकानदार सुचवतो आणि का सुचवतो. आम्ही काहीच केले नाही, कारण विषय जिंकला असे आम्ही धरून चाललो होतो.

जुलै २०२३ मध्ये ट्रायने इंटरनेटवरील संदेश आणि कॉल सेवांच्या नियमनाविषयी पुन्हा सल्लामसलत पत्र काढले, तेव्हा मंडळाची जुनी फाईल बाहेर निघाली. गुरुजी आता हयात नाहीत. प्रश्नांचे मराठीकरण या वेळी ताईंनी केले, आणि ट्रायच्या प्रश्नांच्या वर त्यांनी स्वतःचा एक प्रश्न लिहिला : तुमच्या घरात फोन किती आहेत, आणि रिचार्ज कोण करते? ते पान आधी बचत गटांत फिरले, मग दुकानाच्या बाकावर आले.